तेरा, पंधरा की सतरा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात जुने कागद लावण्यात गेली. तेव्हा विषय कागदांचाच घ्यायचा, हे आधीच ठरलं होतं. कुठले कागद, ते मात्र माझ्या हौसेनं ठरलं. कार्यवाहांना विषय कळवला तेव्हा ते जरा अडखळले आणि म्हणाले, ‘आयर्लंडचे? आपल्या लोकांना त्याचं काय?’ आपल्याशी त्याचा थोडा संबंध आहे, तो ओघात येईल. पण नसता तरी मी हाच विषय घेतला असता. घराण्याचा शोध घेताना एक कागद एक सांगतो, दुसरा दुसरंच सांगतो, आणि घरातली आजी तिसरंच. अशा वेळी कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न देश सोडून गेलेल्या आयरिश माणसांच्या वंशजांना जितका छळतो तितका क्वचितच कुणाला छळत असेल.

एका मुलीपासून सुरुवात करतो. १ जानेवारी १८९२ या दिवशी न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर अमेरिकेचं नवं स्थलांतरित केंद्र उघडलं. पहिली आत आली ती कॉर्कची अ‍ॅनी मूर. बरोबर अँथनी आणि फिलिप हे धाकटे भाऊ. ‘नेव्हाडा’ नावाच्या आगबोटीनं ही तिघं क्वीन्सटाउन बंदरातून आली होती. आईवडील आधीच न्यूयॉर्कला जाऊन राहिलेले. केंद्राचे प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवलं. वर्तमानपत्रांना दुसऱ्या दिवसाची बातमी मिळाली.

या मुलीचं वय काय? बोटीवरच्या उतारूंच्या यादीत तेरा. वर्तमानपत्रात पंधरा, वर, त्याच दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता अशी गोड पुस्ती पुढे तिला चिकटली ती कायमची. आणि कॉर्कमधल्या नोंदीप्रमाणे तिचा जन्म २४ एप्रिल १८७४चा, म्हणजे सतरा पूर्ण. एकाच मुलीची एकाच दिवसाची तीन वयं. मधलं पंधरा धरून मोकळं व्हावं, असा मोह होतो. पण वय काही वाटाघाटीनं ठरत नाही. इथे प्रत्येक आकड्याला वेगळं विचारावं लागतं: बाबा रे, तुला कुणी सांगितलं, आणि का सांगितलं? यादीतलं वय म्हणजे तिकिटाच्या वेळी उतारूनं किंवा त्याच्या माणसांनी सांगितलेलं आणि कंपनीच्या कारकुनानं उतरून घेतलेलं. त्या काळी लहान मुलांचं भाडं कमी असे, म्हणून उतारूंच्या याद्यांमध्ये मुलं दोन-चार वर्षांनी लहान झालेली सर्रास दिसतात. अ‍ॅनीच्या घरच्यांनी याच कारणानं वय कमी सांगितलं की नाही, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. वर्तमानपत्रवाल्याला तर गोड बातमी हवी होती. राहिली कॉर्कची नोंद. ती झाली तेव्हा ही मुलगी पुढे प्रसिद्ध होणार हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वय चोरावं असं पाळण्यातल्या मुलीचं काय असणार? म्हणून सतरा.

पण अ‍ॅनीची गोष्ट वयाशी संपत नाही. एलिस बेटावरून ती पुढे कुठे गेली? कित्येक वर्षं याचं उत्तर तयार होतं. टेक्ससमध्ये एक अ‍ॅनी मूर होऊन गेली. तिच्या घराण्यात पक्की समजूत होती की ती पहिली मुलगी म्हणजे आमचीच. ती पश्चिमेला गेली, आयर्लंडचे पुढारी डॅनिएल ओकॉनेल यांच्या वंशातल्या माणसाशी तिचं लग्न झालं आणि १९२३मध्ये ती ट्रामखाली सापडून वारली. कहाणी सगळ्यांना आवडली. गरीब आयरिश पोर, अमेरिकेची मोकळी पश्चिम, मोठं घराणं, अकाली मरण. एलिस बेटावरच्या समारंभांना या वंशजांना मानानं बोलावलं जाऊ लागलं.

मेगन स्मोलेन्याक या वंशावळीच्या अभ्यासक बाईंनी एकदा या टेक्ससच्या अ‍ॅनीच्या जनगणनेच्या नोंदी उघडून पाहिल्या. तिचं जन्मस्थान सरळ लिहिलेलं होतं: इलिनॉय. बाई अमेरिकेतच जन्मलेली! बोटीनं येण्याचा प्रश्नच नव्हता. मग खरी अ‍ॅनी कोण, हे शोधून देणाऱ्याला त्यांनी एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं. न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखात्याचे आयुक्त ब्रायन अँडरसन यांनी मदत केली, आणि २००६ साली उत्तर हाती आलं. खरी अ‍ॅनी पश्चिमेला कधी गेलीच नाही. ती न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या, गरीब वस्तीतच राहिली. जर्मन स्थलांतरितांच्या एका मुलाशी तिनं लग्न केलं, तिला किमान अकरा मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. १९२४ साली ती हृदयविकारानं वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिला पुरलं. वर दगडसुद्धा नव्हता. तो २००८ साली बसवला गेला.

टेक्ससचं ते घराणं खोटं बोलत होतं का? मुळीच नाही. आजीचं नाव अ‍ॅनी मूर, हे खरं. एलिस बेटावरच्या पहिल्या मुलीचं नाव अ‍ॅनी मूर, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधली सांधेजोड तेवढी कुणीतरी, कधीतरी, प्रेमापोटी केली. आणि बाहेरच्या लोकांनी ती तपासली नाही, कारण कहाणी हवी तशी होती. माझा अनुभव असा की घराण्याच्या कथेतला जो भाग ऐकताना फार समाधान होतं, तोच आधी तपासावा.

आता आयर्लंडकडे वळू. तिथला कागद इतका तुटका का, हे कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

१९२२च्या जूनअखेरीस डब्लिनमध्ये यादवी पेटली. फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात ब्रिटनशी झालेल्या कराराच्या विरोधातली तुकडी ठाण मांडून बसली होती, समोरून सरकारी फौजेच्या तोफा. त्याच आवारात पब्लिक रेकॉर्ड ऑफिस होतं. ३० जूनला मोठा स्फोट झाला, आग लागली आणि शतकानुशतकांचे कागद गेले. मृत्युपत्रं गेली. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणना, काही तुकडे सोडले तर, गेल्या. प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्यांपैकी निम्म्याहून जास्त गेल्या. जळके कपटे शहरभर उडाले.

पण सगळं बिल या आगीवर फाडणं बरोबर नाही. १८६१ आणि १८७१च्या जनगणनेचे मूळ अर्ज सरकारनंच काम आटोपल्यावर नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. तोफेचा आवाज इतिहासाच्या पुस्तकात येतो. रद्दीच्या गाडीचा आवाज कुणी ऐकत नाही. १९२१ साली स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झालीच नाही. परिणामी आयर्लंडची पूर्ण हाती येणारी जुनी जनगणना १९०१ची आणि तिच्या पाठची १९११ची. पुढची १९२६ची, म्हणजे स्वतंत्र झाल्यावरची पहिली. आणि मोठा दुष्काळ पडला तो १८४५ ते १८५२च्या दरम्यान. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ला लोकसंख्या ८१ लाखांवर होती, ती १८५१ला साडेपासष्ट लाखांवर आली. ज्या पिढीचा शोध जगभर सर्वांत जास्त घेतला जातो, नेमक्या तिच्याच घरोघरच्या याद्या नाहीत.

यात दैवाचा एक उफराटा न्याय आहे. चर्च ऑफ आयर्लंड हे १८७१पर्यंत सरकारमान्य चर्च होतं, म्हणून त्याच्या वह्या सरकारी दप्तर मानल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच डब्लिनला आल्या. कॅथलिक चर्चला तो मान नव्हता. त्यांच्या वह्या गावोगावच्या पाद्रीबाबांच्या कपाटात ओल खात पडल्या आणि म्हणून वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांची सूक्ष्मचित्रं घेतली आणि जुलै २०१५मध्ये ती साऱ्या जगाला फुकट खुली केली. सामान्य कॅथलिक कुळवाड्याच्या पणतवाला आज जे मिळतं, ते कित्येकदा त्याच्या प्रॉटेस्टंट जमीनदाराच्या पणतवाला मिळत नाही.

आणि आता जे सांगणार आहे, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो. तिथे जरा रेंगाळू द्या.

१९०८ साली ब्रिटिश पार्लमेंटनं वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला. १ जानेवारी १९०९पासून, वयाची सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत मिळू लागले. आयर्लंडच्या खेड्यात ही रक्कम थोडी नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा मान तिनं एका रात्रीत वाढवला. अडचण एकच: वय सिद्ध कसं करायचं? सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये सुरू झाली ती १ जानेवारी १८६४ला. सत्तरीची माणसं त्याच्या पंचवीस वर्षं आधी जन्मलेली. आपला जन्म कोणत्या साली, हे त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःलाच माहीत नव्हतं. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

पण एक रात्र सगळ्यांना आठवत होती. ६ जानेवारी १८३९च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आलं, घरांची छपरं उडाली. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून ती लोकांच्या तोंडी राहिली. ती रात्र तुम्हाला आठवते का, असं अधिकारी विचारू लागले. वादळ आठवतं म्हणणाऱ्याचं वय १९०९ला सत्तरीच्या पुढे हे उघड. मग काय विचारता! ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, त्यांना सत्तर वर्षांपूर्वीचा तो वारा लख्ख आठवू लागला. त्या रात्री मी आपल्या हातानं बटाटा खाण्याएवढा होतो, ही साक्ष तर ठरूनच गेली.

आता १९०१ आणि १९११ची जनगणना शेजारी शेजारी ठेवा. १९०१ला अठ्ठावन्न लिहिलेली बाई १९११ला अडुसष्ट हवी. ती निघते बहात्तर. दहा वर्षांत चौदा वर्षं म्हातारी झालेली अशी माणसं पानोपानी भेटतात, आणि नवखा अभ्यासक गोंधळून ही दोन वेगळी माणसं समजतो. माणूस एकच, मधे पेन्शनचा कायदा येऊन गेलेला. बरं, यातल्या सगळ्यांनीच थाप मारली असंही धरू नका. कित्येकांचं १९०१चं वय अंदाजानं, तरुण दिसण्याच्या हौसेनं किंवा पन्नास-साठ असं गोळाबेरीज सांगितलेलं होतं आणि १९११चंच खऱ्याच्या जवळ होतं, कारण दरम्यान कुणीतरी पहिल्यांदाच ते तपासून घेतलं होतं. दोनांपैकी कोणतं खरं, हे आकड्याकडे बघून कळत नाही. तिसरा कागद लागतो.

तो तिसरा कागदही याच पेन्शननं दिला. वयाचा पुरावा म्हणून अर्जदार डब्लिनच्या दप्तरखान्याला लिहीत: १८४१ किंवा १८५१च्या जनगणनेत आमचं घर शोधा. अर्जात आईबापांची नावं, काउंटी, बॅरनी, पॅरिश आणि टाउनलंड द्यावं लागे. टाउनलंड म्हणजे जमिनीचा नाव असलेला सर्वांत लहान भाग. कुठे चार घरं, कुठे चाळीस, आणि साऱ्या बेटावर असे साठ हजारांहून जास्त. कारकून जुने अर्ज काढून बघे आणि शोधपत्रावर उत्तर लिही: घर सापडलं, आईबाप अमुक, मुलं तमुक, अर्जदाराचं वय इतकं. किंवा नुसतं: सापडलं नाही. १९२२ला मूळ जनगणना जळली. ही शोधपत्रं मात्र उरली. पाच शिलिंगांसाठी म्हाताऱ्यांनी सरकारला केलेल्या भुणभुणीतून दुष्काळाच्या आधीच्या आणि नंतरच्या कित्येक घरांच्या याद्या वाचल्या. त्या शोधपत्रातलं मुलाचं वय १८४१ साली, पेन्शन कुणाच्या स्वप्नातही नसताना सांगितलेलं आहे. म्हणून त्याचं वजन जास्त.

मघाशी मी अ‍ॅनीच्या जन्मनोंदीवर विश्वास टाकला. म्हणून सगळ्याच जन्मनोंदी डोळे मिटून घ्यायच्या असं नाही. कॅथलिक मुलाचा बाप्तिस्मा जन्मानंतर दोन-चार दिवसांत होई, कारण बाप्तिस्म्याविना मूल दगावलं तर त्याच्या आत्म्याचं काय, ही भीती. सरकारी नोंदीला असली घाई नव्हती. ती राहून जाई, मुदत टळे, दंड भरायची पाळी येई. मग बाप निबंधकाकडे जाऊन मुलाचा जन्म दोन महिने अलीकडे ओढून सांगे. परिणाम असा की बाप्तिस्मा मार्चमधला आणि जन्म मेमधला, अशी मुलं आयर्लंडमध्ये ढिगानं सापडतात. जन्माआधी बाप्तिस्मा! इथे सरकारी शिक्क्याचा कागद खोटा आणि पाद्रीबाबांची मोडक्या लॅटिनमधली ओळ खरी.

त्या ओळीचंच जरा बघू. तारीख, मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि बहुतेक वेळा तिचं माहेरचं आडनाव, आणि शेवटी दोन धर्मपालकांची नावं. जेम्सचा तिथे याकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस. नवा अभ्यासक मुलाचं आणि बापाचं नाव जुळलं की उड्या मारतो. पण केरी-कॉर्कच्या एखाद्या पॅरिशमध्ये त्याच वर्षी डॅनिएल सलिव्हनचा मुलगा मायकेल तीनदा बाप्तिस्मा घेताना दिसेल, आणि तिन्ही डॅनिएल वेगळे असतील. तिथे निवाडा करते ती आई आणि ते धर्मपालक. धर्मपालक बहुतेक काका, मावशी, आत्या, मामा यांच्यातलेच; एका घराच्या सगळ्या मुलांचे धर्मपालक एकत्र लिहून काढले की गोतावळा आपोआप उभा राहतो. नावं फिरून फिरून तीच येण्याचं कारणही आहे. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, अशी तिथे पुष्कळ घरांत रीत होती. नातवाला आजोबांचं नाव ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या हाताखाली १८४७ ते १८६४ या काळात साऱ्या देशाची जमीन-आकारणी झाली. तिच्या छापील खंडांत एकाच टाउनलंडमधल्या सारख्या नावाच्या कुळांपुढे बापाचं नाव किंवा टोपणनाव कंसात घातलेलं दिसतं. तो कंस कित्येकदा सगळ्या खंडापेक्षा मोलाचा.

बायकांची नावं तर पाण्यासारखी. चर्चमध्ये ब्रिजेट, घरात बिडी, बॉस्टनला मोलकरीण म्हणून राहिली की डेलिया. होनोरा नोरा होते, हॅनाही होते. आडनावांना लागणारे ‘ओ’ आणि ‘मॅक’ इंग्रजी अमलात गळले, राष्ट्रीय चळवळीच्या दिवसांत काहींनी परत लावले. एकाच बापाचे दोन मुलगे, एक सलिव्हन, एक ओसलिव्हन. आणि गावांची? क्वीन्सटाउनचं झालं कोव, किंग्ज काउंटीची झाली ऑफली, क्वीन्स काउंटीची लीश. अमेरिकेतल्या दगडावर किंग्ज काउंटी वाचून माणूस आजच्या नकाशात शोधत बसतो.

यातच एक लाडकी समजूत मोडून टाकतो: एलिस बेटावरच्या कारकुनानं आमचं आडनाव बदललं. अमेरिकेत हजारो घरांत हे सांगतात. तिथला कारकून नावं लिहीतच नसे. बोटीवरून आलेली तयार यादी समोर ठेवून तो उतारूंना प्रश्न विचारी आणि खूण करी. नाव बदललं ते पुढे कधीतरी, शाळेत, गिरणीत, चर्चमध्ये, आणि बहुतेक वेळा माणसानं स्वतःहून. बदलाचं ओझं परक्या कारकुनाच्या डोक्यावर ठेवणं बरं वाटतं, एवढंच. शिवाय दुष्काळात गेलेल्यांचा एलिस बेटाशी संबंधच येत नाही. ते केंद्र उघडलं तेव्हा दुष्काळाला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

अमेरिकेच्या बाजूनं शोध सुरू करणाऱ्यापुढची खरी भिंत वेगळी आहे. पणजोबांच्या नागरिकत्वाच्या कागदावर काय? तर राणी व्हिक्टोरियावरची निष्ठा सोडली, जन्म आयर्लंड. १९०६च्या आधीच्या बहुतेक कागदांत याहून जास्त नाही. जनगणनेत: आयर्लंड. मृत्यूच्या दाखल्यात: आयर्लंड. आणि शोध तर साठ हजार टाउनलंडांपैकी एकाचा घ्यायचा.

पण दोन साधनं अशी आहेत की तिथे माणूस पत्ता घसघशीत सांगतो. बॉस्टनचं ‘पायलट’ हे कॅथलिक साप्ताहिक १८३१पासून १९२१पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती छापत होतं. भाऊ अमुक बोटीनं आला, अमुक कालव्याच्या कामावर होता, पुढे पत्ता नाही. तो अमुक काउंटीतल्या, अमुक पॅरिशमधल्या, अमुक टाउनलंडचा. दुसरं साधन न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक. आयरिश स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी ती १८५०मध्ये काढली. खातेदारांतल्या कित्येकांना सही येत नव्हती. मग पैसे काढायला आलेला तोच माणूस आहे हे ओळखायचं कसं? बँकेनं एक वही ठेवली. जन्म कुठला, कोणत्या बोटीनं कधी आलात, आईबाप कोण, जिवंत आहेत का, भावंडं किती, कुठे असतात. पुढच्या वेळी हेच उलटून विचारायचं. टायलर अ‍ॅनबाइंडर या इतिहासकारानं याच वह्यांतून केरीमधल्या लॅन्सडाउन जहागिरीच्या कुळांचा माग काढला. जहागीरदारानं भाडं भरून बोटीत घातलेली, अंगावर धड कपडे नसलेली ही माणसं न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या बदनाम वस्तीत राहिली, आणि काही वर्षांतच त्यांच्या नावावर कुणाला वाटणार नाही इतकी शिल्लक जमली होती.

पेन्शनचा अर्ज आणि बँकेची वही यांच्यातला फरक इथे दिसेल. पेन्शनच्या अर्जात थाप मारली तर पैसे मिळत. बँकेच्या वहीत थाप मारली तर स्वतःचेच पैसे अडकत. पायलटच्या जाहिरातीतही तसंच, खोटा पत्ता दिला तर भाऊ सापडणार कसा? म्हणून या दोन कागदांतल्या गावाच्या नावाला मी नागरिकत्वाच्या मोहोरबंद कागदापेक्षा जास्त मानतो. किती कागद एक सांगतात याची मोजणी करून काही साधत नाही. मृत्यूचा दाखला, दगड आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता, तिन्हींत जन्मसाल एक आलं म्हणून पक्कं झालं का? तिन्हींची माहिती देणारा एकच जावई असतो, आणि त्यानं सासऱ्याला म्हातारपणीच पाहिलेलं असतं.

वाचलेल्या प्रॉटेस्टंट वह्यांचं एकच उदाहरण देतो. बराक ओबामा यांच्या आईच्या बाजूचे एक पूर्वज फॉल्मथ कर्नी, १८५०मध्ये न्यूयॉर्कला उतरलेले. अमेरिकन कागदांवरून माग मनीगॉल या ऑफलीतल्या छोट्या गावापर्यंत आला. तिथल्या चर्च ऑफ आयर्लंडचे रेक्टर कॅनन स्टीव्हन नील यांनी जुन्या वह्या चाळल्या. त्या डब्लिनला गेल्या असत्या तर १९२२ला जळाल्या असत्या. त्या गावाकडेच राहिल्या होत्या. त्यात कर्नी सापडले, मोचीकाम करणाऱ्याचं घर. २३ मे २०११ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष त्या गावात गेले. वह्या डब्लिनला पाठवण्यात तेव्हा कुणी कुचराई केली असेल, तर तिचे आभारच मानायला हवेत.

आणि जळालेल्याचं काय? २०२२च्या जूनमध्ये, आगीला शंभर वर्षं होताना, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या अभ्यासकांनी इतर संस्थांच्या मदतीनं जळालेल्या दप्तरखान्याचं संगणकावरचं रूप खुलं केलं. हर्बर्ट वुड या अधिकाऱ्यानं १९१९मध्ये दप्तराची मार्गदर्शिका छापली होती. आग लागण्याच्या तीनच वर्षं आधी. कोणत्या फळीवर काय होतं ते तिच्यावरून कळलं, आणि मग जगभरच्या संग्रहांतून नकला, उतारे, टिपणं गोळा करून एकेक फळी भरली जाते आहे.

नकलांवरून आपल्याकडे येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश भरती मोठी होती. मुंबई इलाख्याची पहिली युरोपियन पलटण, म्हणजे बॉम्बे फ्युजिलियर्स, १८६२मध्ये राणीच्या फौजेत १०३ क्रमांकाची झाली, आणि १८८१च्या फेररचनेत तिचं नाव झालं रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन. मुंबईची पलटण डब्लिनची झाली, आणि १९२२ साली, दप्तरखाना जळाला त्याच उन्हाळ्यात, मोडली गेली. इथल्या छावण्यांतल्या सैनिकांची लग्नं, मुलांचे बाप्तिस्मे, मृत्यू यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवण्याची शिस्त होती. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याची मालिका स्वतंत्र. त्यामुळे पुण्यात जन्मलेल्या आयरिश शिपायाच्या मुलाची नोंद जागेवर आहे आणि बापाच्या घराची जनगणना राख झाली आहे, असं घडतं.

इथेही कागद भांडतातच. शिपाई पटकीनं मेला की त्याची विधवा थोड्याच दिवसांत पलटणीतल्याच दुसऱ्याशी लग्न करी. नाही तर तिला शिधा कुठला? मग बाप्तिस्म्याला एका आडनावाचं असलेलं मूल पुढच्या कागदावर दुसऱ्याच आडनावाचं होतं, आणि शंभर वर्षांनी वंशज चर्चच्या कारकुनाला दोष देतो. शिपायाच्या सेवामुक्तीच्या कागदावर मात्र जन्माची पॅरिश, जवळचं गाव आणि काउंटी लिहिण्याची पद्धत होती. अमेरिकेला गेलेल्या भावाच्या कागदावर नुसतं ‘आयर्लंड’, आणि हिंदुस्थानात आलेल्या भावाच्या कागदावर सगळा पत्ता. अमेरिकेतल्या कित्येक घराण्यांचं मूळ गाव या हिंदुस्थानी भावाच्या कागदात पडून आहे आणि त्यांना ते माहीत नाही.

श्रोत्यांत पुणे, खडकी, नगर, देवळाली या भागांतले पुष्कळ जण असतील. तिथल्या जुन्या लष्करी दफनभूमींमधले दगड पावसानं झिजताहेत. त्यांच्यावर नाव, पलटण, वय आणि कधीकधी काउंटीही असते. पुष्कळ ठिकाणी आता दगडाशिवाय काही उरलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला रविवारचा एखादा तास काढता आला तर परवानगी घेऊन आत जा. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात अक्षरं चांगली उठतात. दगडाचा फोटो घ्या आणि मजकूर आहे तसा उतरवा. नाव चुकलंय असं वाटलं तरी सुधारू नका, वय जुळत नाही असं वाटलं तरी हात लावू नका. वाचता न आलेल्या अक्षराची जागा मोकळी सोडा. आणि तळाला आपलं नाव आणि उतरवल्याची तारीख लिहायला विसरू नका.